आंबियाची तीन वादळं

आमच्या तालबुनिया चरावर, म्हणजे नदीच्या मुखाशी गाळाने झालेल्या बेटावर, आंबिया शिंपिणीच्या दारावरून जाताना कुणी सहज म्हटलं, "काल काय तुफान झालं बाई!" की आतलं शिलाई मशीन थांबायचं आणि पडद्यामागून आवाज यायचा, "कसलं तुफान?"

नवखा माणूस थांबायचा. आम्ही जुने लोक पाय उचलून चालायला लागायचो.

"कसलं म्हणजे? वारा, पाऊस, गारा. फराजींची केळ आडवी झाली."

"किती वेळ चाललं?"

"अर्धा-पाऊण तास."

"आलं कुठून?"

"त्या वायव्येच्या अंगाने."

"मग ती कालबैशाखी. तिला तुफान म्हणायचं नाही. आज हिला तुफान म्हणाल आणि उद्या मी खऱ्या तुफानाचे झेंडे चढवले की म्हणाल, होईल अर्ध्या तासात शांत. आणि बसाल घरात."

एवढं बोलून ती पुन्हा मशीनवर पाय चालवायची. पण तो पाय असा चालायचा की त्या दिवशी शिवलेल्या ब्लाउजच्या शिवणी दोन वर्षं उसवत नसत.

आम्ही दहा जण चरावरचे, वादळाचा इशारा देणारे स्वयंसेवक. आंबिया आमची प्रमुख, हातातला भोंगा तिच्याकडे, आणि हाताने फिरवायचा सायरन माझ्याकडे. शहरात तीन दिवसांचं शिबिर झालं होतं. आम्ही नऊ जण तिथून बिर्याणी खाऊन आणि पिवळे रेनकोट घेऊन परतलो. ती वही भरून परतली, आणि तेव्हापासून तिच्या डोक्याला आराम म्हणून नव्हता. कारण तिला कळलं होतं की वादळं तीन जातींची असतात आणि चरावर हे दुसऱ्या कुणालाच कळून घ्यायचं नव्हतं.

कालबैशाखी चैत्र-वैशाखातली. काळा ढग येतो, गारा, विजा, झाडं पाडतो, तासाभरात ऊन. तेव्हा घरात बसायचं. झाडाखाली, शेतात, पाण्यात थांबायचं नाही. दुसरं सोंडेचं वादळ. त्याच काळ्या ढगाच्या पोटातून कधीतरी हत्तीची सोंड खाली उतरते. गावाच्या एका टोकाला घरं, गुरं, माणसं उचलून नेते आणि दुसऱ्या टोकाला दोरीवरची लुंगीसुद्धा हलत नाही. पाच मिनिटांचा खेळ. पळायला वेळ नसतो, सापडेल त्या खोलगट जागेत पालथं पडायचं. आणि तिसरं दर्यातलं. ते दोन-तीन दिवस आधी सांगून येतं, चार जिल्हे एकदम झाकून टाकतं, आणि त्यात वाऱ्यापेक्षा पाणी मारतं. तेव्हा खाली थांबायचंच नाही. वर जायचं.

यात अवघड ते काय? पण कांचन फराजीच्या चहाच्या टपरीवर हे सांगायला गेलं की काय व्हायचं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कांचनचाचा म्हणजे चरावरचा सर्वांत लाडका माणूस. पांढरी दाढी, तोंडात पान, आणि प्रत्येकाला एक टोमणा.

"ये आंबिया, ये. आज रेडिओवर धोक्याचा पाच नंबर सांगितला. मागल्या वर्षी सात होता. म्हणजे औंदा दोनाने स्वस्त!"

"चाचा, शंभरदा सांगितलं. पाच, सहा, सात तिन्ही सारखेच. वादळ तेवढंच. बंदराच्या डाव्या अंगाने जाणार, उजव्या अंगाने जाणार की डोक्यावरून, एवढाच फरक."

"मग तीन आकडे कशाला? एकच द्यायचा ना."

"ते बंदरातल्या जहाजांसाठी!"

"मग जहाजं ऐकतील. आपण का ऐकायचं?"

टपरीवर हशा पिकायचा. आंबिया कपाळावर हात मारून घ्यायची. "आणि आठ, नऊ, दहासुद्धा तसेच. आठ लागला तरी उठायचं, दहाची वाट बघत बसायचं नाही."

"बरं बरं. पण तुझ्या झेंड्यांचं काय ते सांग. कापड ओळखीचं वाटतं."

हा टोमणा तिला फार झोंबायचा. सरकारी झेंडे उंदरांनी खाल्ले होते, म्हणून तिने लाल कापडाचे तीन नवे शिवले. कापड परकराचं होतं हे खरं. तेव्हापासून झेंडा चढला की टपरीवरून आरोळी उठायची, "आंबियाचा परकर चढला रे!" ती म्हणायची, "हसा. हसता हसता निदान वर बघता तरी."

तिचा हा वैताग आला कुठून ते आम्हा शेजाऱ्यांना माहीत होतं. सत्तर साली दर्याचं पाणी चरावर चढलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. बापाने तिला ताडाच्या झाडाला स्वतःच्या लुंगीने बांधलं. सकाळी ती झाडावर होती. बाप, आई, दोन भाऊ नव्हते. याविषयी ती फक्त एकदा बोलली माझ्याशी, तेही रागानेच. "सोबहान, माझ्या बापाच्या कमरेला रेडिओ होता. त्याने ऐकलं होतं. ऐकून म्हणाला, वारा येणार आहे, गाय आत घ्या. वारा! पाणी म्हणून कुणी सांगितलंच नाही त्याला."

अशा बाईच्या घरी सासू कोणती यावी? सबूरन.

सबूरन माणिकगंजकडची, दर्यापासून लांबची. तिचा मुलगा हारेस तरुणपणी कलिंगडांच्या नावेवर कामाला लागून इकडे उतरला, आंबियाशी लग्न करून इथलाच झाला, आणि ट्रॉलरवर मासेमारीला जाऊ लागला. सबूरन नवऱ्याबरोबर गावीच राहायची. मग तिकडे ती सोंड उतरली. महिनोन्महिने पाऊस नव्हता, रान वाळून गेलं होतं, आणि वैशाखातल्या एका संध्याकाळी आभाळ शेवाळासारखं हिरवं झालं. सबूरन शेळी आणायला गेली होती. ती रस्त्याकडेच्या कोरड्या नाल्यात पडली आणि शेळीच्या पोटाखाली डोकं घालून राहिली. नवरा शहाणा, तो पळत पक्क्या विटांच्या शाळेत शिरला. पाच मिनिटांनी सबूरन उठली तेव्हा शाळा नव्हती. विटा होत्या, आणि विटांखाली अठरा माणसं होती.

तेव्हापासून सबूरनच्या मनात दोन गोष्टी पक्क्या बसल्या. खाली गेलं तर जीव वाचतो. पक्की इमारत जीव घेते.

आणि आंबियाच्या मनात बरोबर उलट्या.

नवरा गेल्यावर सबूरन मुलाकडे चरावर राहायला आली, आणि अकरा वर्षं या दोन बायका एका चुलीवर जेवल्या. आल्या वर्षीच सबूरनने स्वयंपाकघरामागे स्वतःच्या हाताने कमरेइतका खोल, माणूस निजेल एवढा लांब खड्डा खणला. त्यात चटई अंथरली, मुरमुऱ्याचा डबा ठेवला. आंबियाच्या कोंबड्या त्यात पडायच्या. एकदा अंधारात आंबियाच पडली आणि तिचा घोटा आठ दिवस सुजून होता.

"अम्मा, हा खड्डा बुजवा."

"माझी कबर समज आणि सोडून दे, बौमा." सुनेला ती बौमाच म्हणायची.

"कबरीत मुरमुरे कोण ठेवतं?"

दर चैत्रात कालबैशाखी आली की तोच तमाशा. वायव्येला काळं दिसलं रे दिसलं, की सबूरन कुराणाची पोथी छातीशी धरून खड्ड्यात. वरून गारा आणि धो धो पाऊस, आणि आंबिया डोक्यावर परात घेऊन काठावर उभी राहून ओरडतेय.

"अम्मा, ही कालबैशाखी आहे! तासाभरात संपेल! घरात या!"

"सोंड येते!"

"सोंड नाही! विजा आहेत! ओल्या खड्ड्यात बसून वीज अंगावर घ्यायची आहे का?"

"तू जा तुझ्या घरात. उडालीस की खाली हाक मार."

शेवटी आंबिया स्वतः खड्ड्यात उतरायची आणि सासूला काखेत घालून ओढत आणायची. दोघी चिखलाने माखलेल्या, दोघी एकमेकींना शिव्या देत असलेल्या. हारेस घरी असला तर पाठ फिरवून जाळं विणत बसायचा. एकदा मी त्याला म्हटलं, "तू काही बोल की." तो म्हणाला, "एक माझी आई, एक बायको. दोघींचं बरोबर आहे. मी समुद्रात जातो ते काय माशांसाठीच?"

मग एका वर्षी कार्तिकाच्या शेवटी दर्यात ते तिसरं तयार झालं.

आदल्या दिवशी दुपारी रेडिओने चार सांगितला, संध्याकाळी सात. सकाळी उजाडताच दहा. आंबियाने खांबावर तीनही झेंडे चढवले. मी सायरन फिरवून फिरवून खांद्यातून गेलो. हारेस आणि बाकीचे ट्रॉलरवाले पहाटेच ट्रॉलर घेऊन वरच्या नदीत, आतल्या खाडीत बांधायला निघून गेले होते. म्हणजे चरावर उरले म्हातारे, बायका, लेकरं, आणि घर सोडायला तयार नसलेले पुरुष.

वारा ईशान्येकडून, पाऊस तिरका. आंबिया आदल्या दुपारपासून हिंडत होती. प्रत्येक अंगणात तिला काहीतरी नवं ऐकायला मिळत होतं. एकीची बदकं मोजून होत नव्हती. एकीचा नवरा येईपर्यंत ती दार ओढणार नव्हती. एक म्हातारा म्हणाला, "दहा म्हणजे शेवटचा ना? मग याच्या पुढे तर काही नाही. बरंच झालं." आंबियाने त्याच्या अंथरुणासकट त्याला दोन पोरींच्या खांद्यावर दिलं. मी तिच्यामागून ऐकत होतो. तिचा आवाज भोंग्यातून येत होता तरी आता घासल्यासारखा, चिरका होत चालला होता.

"शेल्टरमध्ये चला! मुरमुरे, गूळ, पाणी घ्या, लेकरं घ्या! हे दर्यातलं आहे, कालबैशाखी नाही! पाणी येणार आहे, पाणी!"

शेल्टर म्हणजे चराच्या उंचवट्यावरची खांबांवर उभी इमारत. खाली मोकळं, वर एरवी शाळा भरते. दहा वाजेपर्यंत हजारभर माणसं वर चढली. कांचनचाचाही आला, टपरीतल्या बिस्किटांचे डबे घेऊन. गाय मात्र त्याने गोठ्यात बांधून ठेवली होती.

"चाचा, दावं सोडून यायचं ना! सुटी असती तर पोहली तरी असती."

"सुटली तर पळून जाईल की, आंबिया."

तिने डोळे मिटून एक श्वास घेतला आणि पुढे गेली. कारण तोवर तिला कुणीतरी सांगितलं होतं की तिची सासू आली नाही.

मी तिच्याबरोबर गेलो. रस्ता घोट्यापर्यंत पाण्यात होता. घरात कुणी नव्हतं. स्वयंपाकघरामागे गेलो तर सबूरन खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसली होती, डोक्यावर गोणपाट, कुशीत पोथी. खड्डा काठोकाठ भरलेला.

आंबियाने भोंगा तोंडाला लावला. सासू दोन हातांवर होती. तरीही लावला.

"अम्मा! उठा!"

"ओरडू नकोस. बहिरी नाही मी."

"वर चला!"

"त्या पक्क्या घरात? हजार माणसं घालून ठेवलीत तिथे. एक सोंड आली की..."

"ही सोंड नाहीये! किती वर्षं सांगतेय!"

"तू पाहिली आहेस सोंड? मी पाहिली आहे. तू वहीतली बघितलीस."

"आणि तुम्ही पाणी पाहिलं आहे? मी पाहिलं आहे!"

मला वाटलं, आता ही म्हातारीला उचलून खांद्यावर टाकणार. मीही पुढे सरकलो. पण आंबियाने भोंगा खाली केला, आणि कितीतरी वेळाने पहिल्यांदा साध्या आवाजात विचारलं, "अम्मा, सोंड आली त्या दिवशी तुम्ही ज्या नाल्यात पडलात, त्यात पाणी होतं का?"

"पाणी कुठलं? दुष्काळ होता. धूळ होती नुसती. नाकात धूळ."

"मग यात पडाल कशा?"

"पावसाचं साचलंय. उपसून काढते."

"चाखा."

"काय?"

"चाखून बघा ना."

सबूरनने तिच्याकडे वेड लागल्यासारखं पाहिलं. मग ओंजळ बुडवली, ओठाला लावली, आणि थुंकली. परत बुडवली. परत चाखली.

"हे खारट कसं?"

"दर्या आलाय, अम्मा. खाडीतून चढून, आपल्या स्वयंपाकघरापर्यंत. आणि अजून आलेला नाही तो. हा नुसता पुढचा हात आहे."

म्हातारी उठली. पण पाण्यात हात घालून मुरमुऱ्यांचा डबा शोधू लागली, तेव्हा आंबियाचा तोल पुन्हा गेला. "डबा राहू द्या! अल्लाच्या नावाने तो डबा राहू द्या!"

शेल्टरपर्यंत येईस्तो पाणी गुडघ्याला लागलं. वर आल्यावरही सबूरन छताखाली जायला तयार होईना. जिन्याच्या वरच्या पायरीवरच बसली. "इथून बरं आहे. पडलं तर बाहेर पडता येईल." आंबियाने वाद घातला नाही. आता तिला बोलताच येत नव्हतं. भोंग्यात पाणी जाऊन तो बंद पडला होता आणि तिच्या घशातून नुसती हवा येत होती.

पुढचे तीन तास मी सांगू शकत नाही. इमारत हलत नव्हती, पण तिच्यात काहीतरी सारखं गुणगुणत होतं. पत्रे बाहेरून आडवे उडत गेले. बायका कलमा म्हणत होत्या. पाणी खांबांच्या अर्ध्यापर्यंत आलं आणि तिथे थांबलं. वारा अजून चराकडून दर्याकडे ढकलत होता, म्हणून थांबलं. हे मला नंतर कळलं.

दुपारी दोनच्या सुमारास सगळं एकदम बंद झालं.

वारा नाही. पाऊस नाही. ढगाला भोक पडून ऊन आलं, आणि त्या उन्हात दमलेले बगळे येऊन कठड्यावर बसले, माणसांना न भिता. खालचं पाणी उतरत उतरत गुडघ्याखाली आलं. लोकांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग कुणीतरी "अल्हम्दुलिल्ला" म्हटलं, आणि सगळे एकदम जिन्याकडे सुटले. घर बघायचं, कोंबड्या बघायच्या, भांडी गोळा करायची.

आंबिया जिन्यात आडवी उभी राहिली. ओठ हलत होते. आवाज नाही. हातांनी ती गोल गोल दाखवत होती, मग मधोमध बोट, मग उलटा हात. लोकांना काही कळेना. एक जण म्हणाला, "बाईचं डोकं फिरलं बिचारीचं."

ती वाकली आणि सबूरनच्या कानात काहीतरी सांगितलं. म्हातारीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "परत येणार? गेलेलं परत कसं येणार? सोंड गेली की गेली." आंबियाने परत कानात सांगितलं. हाताने तिचा खांदा गच्च धरून.

सबूरनने जिन्याच्या दोन्ही कठड्यांना हात लावले आणि पायरीवर पसरून बसली. तिचा आवाज मुळातच मोठा, शेळ्या हाकून हाकून तयार झालेला.

"ऐका रे! माझी सून म्हणते, हे संपलेलं नाही. याला मधे भोक असतं, त्या भोकात आहोत आपण. आता वारा उलटीकडून येणार, दर्याकडून, आणि पाणी घेऊन येणार. मला स्वतःला हे काडीचं पटलेलं नाही!"

लोक हसले.

"हसू नका! नाही पटलेलं. पण सकाळी ती म्हणाली पाणी खारट आहे, तर ते खारटच निघालं. म्हणून मी बसलेय. ज्याला जायचं त्याने म्हातारीच्या अंगावर पाय देऊन जावं."

बहुतेक थांबले. म्हातारीला कोण तुडवणार? पण तीन माणसं कठड्यावरून उतरली, आणि त्यात कांचनचाचा होता. आंबियाने त्याची बाही पकडली. तो तिच्याकडे बघून हसला, अगदी मायेने.

"किती घाबरवशील ग? ऊन पडलंय बघ. गाय बांधलेली आहे, दावं सोडून येतो. तूच म्हणालीस ना सोडायला पाहिजे होतं?"

बाही तिच्या हातातून सुटली.

बाकीचे दोघं अर्ध्या रस्त्यातून पळत परतले. त्यांनी दक्षिणेला आभाळाखाली एक पांढरी रेघ पाहिली होती. ते जिन्याला लागले तेव्हा वारा आलाच होता, नैऋत्येकडून, पहिल्यापेक्षा मोठा, आणि त्याच्यामागून दर्या. पाणी वरच्या मजल्याच्या खिडकीखाली दोन हातांवर येऊन थांबलं. मी खिडकीतून पाहिलं, आमच्या वस्तीची छपरं एकामागून एक निघत होती, आणि नंतर पाहायला छपरं उरली नाहीत.

तालबुनियावर त्या दिवशी चार माणसं गेली. सत्तरला एका घरातून चार जायची. या वेळच्या चारांतला एक कांचन फराजी. तो तिसऱ्या दिवशी खाडीच्या वळणावर बाभळीत सापडला. त्याची गाय बांधावर उभी होती. पाणी पहिल्यांदा चढलं तेव्हाच सकाळी तिने दावं तोडलं होतं. गोठ्यात ती नव्हतीच.

हे ऐकलं तेव्हा आंबिया चिखलातून तिचं मशीन उकरत होती. ती उठली आणि रिकाम्या टपरीच्या जागेकडे तोंड करून, परत आलेल्या अर्ध्यामुर्ध्या आवाजात बोलत सुटली. "मूर्ख म्हातारा! गाढव! गायीला अक्कल आहे, याला नव्हती!" बायका तिला आवरायला गेल्या. सबूरन म्हणाली, "बोलू द्या. तिचा चाचा होता तो."

दोन दिवस ती असंच बोलत होती. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली. मदतीची खिचडी वाटली जात होती आणि आम्ही दोघं रांग लावत होतो.

"सोबहान, मी चाचांना मधलं भोक सांगितलंच नव्हतं."

"सांगितलंस की शेल्टरमध्ये."

"तेव्हा नाही. आधी. किती वर्षं त्या टपरीवर गेले मी. पाच, सहा, सात, डावीकडे, उजवीकडे. ते माझी थट्टा करत राहिले आणि मी त्यांना हरवायला बघत राहिले. वहीत पुढच्याच पानावर होतं ते. ऊन पडलं तर हलू नका. एवढं एक वाक्य! ते सांगायला मी कधी पोचलेच नाही. त्याच्या आधीच चिडून उठून यायचे."

मी म्हटलं, "तू सांगितलं असतंस तरी चाचा..."

"माहीत आहे. तरी सांगायला पाहिजे होतं." आणि लगेच पुढच्या माणसावर खेकसली, "रांगेत या! पुढे काय सोनं वाटतायत का?"

हारेस आठव्या दिवशी परतला. ट्रॉलर शाबूत होता. त्याने जुन्या जागेपासून थोडं वर, उंचवट्यावर घर बांधलं. आंबियाने मशीन रॉकेलने धुतलं, तेल घातलं, चाक महिनाभर कुरकुरत राहिलं, मग चालू लागलं. 

आणि एक नवीन डोकेदुखी तिच्या मागे लागली. सबूरन तिच्याबरोबर अंगणोअंगणी यायला लागली. आंबिया बायकांना गोळा करून वही उघडायची, आणि तिचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हातारी बोलायला लागायची. शेळीच्या पोटाखालची गोष्ट, विटांची गोष्ट, मग खारट पाण्याची. बायका तोंडात पदर घालून ऐकायच्या, रडायच्या, शेवटी नीट विचारायच्या, "म्हणजे सोंड आली तर खाली आणि दर्या आला तर वर, असंच ना नानी?" सबूरन म्हणायची, "असंच. आणि मधे ऊन पडलं तर उठायचं नाही, हे माझी सून सांगते."

आंबिया बारा वर्षं जे भोंग्यातून ओरडून सांगत होती, ते चरावरच्या लहान पोरींनाही एका हिवाळ्यात पाठ झालं. यात तिला आनंद व्हायला हवा होता. पण मी तिला घरी परतताना सासूच्या मागून तणतणत चाललेली कितीदा पाहिली आहे.

"अम्मा, तुम्ही पुन्हा सांगितलंत की सोंड दर्यातून येते. ती दर्यातून येत नाही. ती ढगातून येते, कालबैशाखीच्या."

"काय फरक पडतो, बौमा? ऐकलं ना त्यांनी?"

"फरक पडतो! तोच तर पडतो! थांबा, घरी चला, वही काढते."

"काढ. पण आधी भात टाक," सबूरन म्हणायची आणि काठी टेकत पुढे निघायची.